उजवी बाजू कोरी

जळगावात बैलगाड्या रंगवणारे पुष्कळ होते, पण रंगवून झालेल्या गाडीची चमक मुद्दाम घालवणारा एकटा दगाभाऊच. रंग वाळला की ओल्या फडक्यावर चाळलेली राख घ्यायची आणि फळ्या घासत बसायचं, हा त्याचा नेम. घासून घासून गाडी अशी मलूल करायचा की मालकाला रडू यावं. एकदा पोळ्याच्या तोंडावर एक शेतकरी हात जोडून म्हणाला, "दगाभाऊ, पोयाले मिरवनी शे गाडी, मयताले नही नेनी!" दगाभाऊने मान वर केली नाही. "चमकस ते दिसस," तो म्हणाला, "दिसस ते मरस." आणि पुन्हा घासू लागला. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेलं, हे सांगायला नकोच.

मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत होतो. आमच्या वर्गातले फळे इतके चकाकत की मागच्या बाकांवरच्या मुलांना अक्षरं दिसत नसत. हेडमास्तर म्हणाले, त्या विक्षिप्त रंगाऱ्याला बोलवा, त्याची खोड आपल्या कामी येईल. म्हणून मी मेहरूण तलावाच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड शोधत गेलो. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील.

शेडमध्ये शिरलो आणि फळ्यांचं बोलणं राहूनच गेलं. समोर पाटावर दीड हात लांबीची लढाऊ बोट होती. यावलकडच्या सागाची, तोफा, शिड्या, दोर सगळं जिथल्या तिथं. समुद्रापासून इतक्या लांब, केळी-कापसाच्या मुलखात ही आली कुठून, याचं नवल करत मी तिच्याभोवती फिरलो. डावी बाजू करड्या रंगाची, आरशासारखी गुळगुळीत. उजवी बाजू कोरी, नुसतं लाकूड. ज्याने हाती आलेल्या झाडून सगळ्या गाड्यांची चमक घालवली होती, त्याच्याच शेडमधली ही एकच वस्तू लखलखत होती. मला ते काही बरं वाटलं नाही. "दुसरी बाजू केव्हा रंगवणार?" मी विचारलं. "खरा रंग सापडना म्हंजे मंग," तो म्हणाला.

रंगाच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणा समजत असे. करडा म्हणजे पांढऱ्यात काळा, चवीपुरता निळा, त्यात शोधायचं ते काय? मी घरून रंगाचा डबा आणून ऐटीत मिश्रण करून दाखवलं. त्याने ते उजेडात धरलं. "हाऊ ते धुराना रंग शे, मास्तर. बोट पाणीवरना उजेडना रंगनी पाहिजे." मग मलाही चेव आला. दर रविवारी आम्ही बसू लागलो. कबुतराचं पीस, कापसाच्या पऱ्हाटीची राख, पावसाआधीचे ढग, एकेक समोर ठेवून मी रंग कालवायचो आणि तो मान हलवायचा. एकदा भुसावळला जाऊन रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला गाठलं, कारण तो पूर्वी मुंबईच्या गोदीत होता. त्यानेही तीन दिवसांत तीन वेगवेगळे रंग सांगितले.

हा छंद नाही, हे मला उशिरा कळलं. त्यानेच एका रविवारी सांगितलं, हात पुसत, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं.

युद्धात तो नौदलात होता, जिची ही प्रतिकृती त्याने कोरली होती त्याच बोटीवर, रंगाऱ्याच्या कामावर. धुळ्याच्या गंगाअक्कांचा एकुलता एक मुलगा श्रावण त्याच्याच शब्दावर भरती झाला होता. एकदा रंग कमी पडला. तेव्हा दगाभाऊने आपल्याकडचे गाडीवाले करतात तेच केलं. रंगात उकळलेलं जवसाचं तेल सढळ हाताने ओतलं. रंग पुरला, वर झळाळीही आली. "वरला साहेब बी खूश व्हई गया," तो म्हणाला. "मी शानपन करं, मास्तर." पुढे तो तापाने दवाखान्यात पडला आणि बोट त्याच्याशिवाय निघाली. सकाळच्या उन्हात शत्रूच्या विमानाने ती बुडवली. वाचलेला एक खलाशी शेजारच्या खाटेवर आला. तो एवढंच बोलायचा की विमान लांबून सरळ आलं, कुणी हाक मारल्यासारखं.

दगाभाऊ परत आला तेव्हा गंगाअक्कांनी विचारलं होतं, "दगा, मना पोऱ्या कसा गया रे?" त्याला तेलाचं सांगवेना. "शोधीसन सांगसू, अक्का," असं म्हणून तो जळगावला आला तो इथेच राहिला. सरकारी रंग तयार डब्यांतून येई; तेलाशिवाय तो समुद्रावर लांबून कसा दिसतो, ते दगाभाऊने कधी पाहिलं नव्हतं. तोही उन्हात तसाच चमकत असेल, तर दगाभाऊ सुटला. नसेल, तर श्रावणला मारणारा तो स्वतः. डावी बाजू त्याच्या हातच्या रंगाची होती. उजवी बाजू खऱ्या रंगासाठी कोरी ठेवली होती.

मी पत्रं लिहायला घेतली. मुंबईला, दिल्लीला, इंग्रजीत, जमेल तितक्या अदबीने. उत्तरं यायची ती दुसऱ्या खात्याकडे लिहा म्हणून. अशी तीन-चार वर्षं गेली. तेवढ्यात दगाभाऊच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. हातातलं दिसे, लांबचं दिसेना. शेडच्या दारातून तलाव दिसतो का, असं तो मलाच विचारी. पत्र येऊच नये, असं मला वाटू लागलं होतं, हे आज कबूल करतो.

पण ते आलं. नौदलातून निवृत्त झालेल्या कुणा अधिकाऱ्याने रंगाचं प्रमाण लिहून पाठवलं होतं आणि सोबत रंग दिलेला पत्र्याचा तुकडा. मी तो दगाभाऊच्या हातात दिला. त्याने डोळ्यांजवळ नेला. मग डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. रंग बरोबर त्याचाच होता, तसूभर फरक नाही. पण तुकडा खडूसारखा कोरडा होता, चमक अजिबात नाही.

"पाण्यात भिजलं की सगळेच रंग चमकतात," मी घाईने म्हणालो.

"मंग पाणीमा देखूत," तो म्हणाला.

उजवी बाजू त्याने प्रमाणाबरहुकूम रंगवली. आठ दिवसांनी सकाळी आम्ही तलावावर गेलो. एका भोयाने बोट होडीतून नेली आणि खूप आत दोराने दगडाला बांधून सोडली. सूर्य आमच्या पाठीशी होता. दगाभाऊ माझ्याशेजारी उभा राहिला, पण त्याला समोर नुसता उजेड दिसत होता. बघायचं होतं ते मी.

सुरुवातीला उजवी बाजू आमच्याकडे होती. "दिसस का?" त्याने विचारलं. "नाही," मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरं होतं. पाण्यात पाणी मिसळावं तशी ती नाहीशी झाली होती. थोड्या वेळाने वारा फिरला. त्याने तो गालावर ओळखला. बोट हळूहळू वळली, डावी बाजू समोर आली आणि त्या सबंध तलावात तेवढी एकच जागा अशी लकाकली की माझे डोळे दिपले.

"आते?"

"नाही. काहीच दिसत नाही, दगाभाऊ." आयुष्यात इतक्या ठामपणे मी दुसरं खोटं बोललो नसेन.

त्याने गाल पुन्हा वाऱ्याकडे केला. मग सहज बोलल्यासारखा म्हणाला, "दोर तुटना व्हई. गई वाटस वाहीसन."

"छे हो, दोर कुठला तुटतोय, तिथंच आहे की! त्या पलीकडच्या बाभळीच्या अंगाला..."

दगाभाऊने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"चांगलं दिसस तुमले, मास्तर," तो म्हणाला.

रागाने नाही, अगदी मऊ आवाजात. मी त्याचा हात धरला, नाही नाही ते बोललो. विमानं काय चमक बघूनच येतात का, लढाईत माणसं मरतातच, म्हातारीला आता सांगून काय मिळणार? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि धुळ्याची मोटार किती वाजता आहे, ते विचारलं. बोट आणायला तो थांबला नाही.

तो परत आला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी न राहवून धुळ्याला गेलो. पत्ता विचारत गंगाअक्कांचं घर काढलं. ओसरीवर दगाभाऊ बसला होता. डोळे पार गेले होते. माझा आवाज ओळखून हसला. गंगाअक्का आतून ताट घेऊन आल्या, त्याचा हात धरून भाकरीवर ठेवला आणि एक शब्दही न बोलता आत गेल्या. शेजारी म्हणाले, तो आल्या दिवसापासून असंच चाललंय.

निघताना मी त्यांना मागच्या दारी गाठलं. "अक्का, तुम्ही त्याला माफ केलंत, फार मोठं मन तुमचं."

त्या भांडी घासत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"माफ नही करं," त्या म्हणाल्या. "पन आते तो जाई कोठे?"