‘आईचा जीव’ नावाचं रोप

कुंपण कमरेइतकंच उंच असलं, की किस्से आपोआप साचत जातात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराच्या वेशीवर मी आणि माझी पत्नी सुलभा एक भाड्याची बाग राखतो. डावीकडे स्लोव्हाकियाची मिलेना, उजवीकडे सर्बियाचे द्रागान. दर शनिवारी चार वाजता कॉफी, आणि चौघांचं चार तऱ्हांचं जर्मन.

*

मिलेनाच्या वाफ्यात जमिनीलगत पसरलेलं, जांभळ्या फुलांचं एक रोप होतं. पान चुरगळलं की थेट ओव्याचा वास. मी नाव विचारलं.

“मातेरिना दूश्का. आईचा छोटासा जीव.”

“जीव, प्राण की आत्मा?” संस्कृत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, नेमका शब्द मिळेपर्यंत मला चैन पडत नाही.

“तुमच्याकडे एका आईला इतके शब्द लागतात?”

*

द्रागाननी वाकून वास घेतला. “ही तर आमची माय्चिना दुशित्सा. अर्थ तोच. आई गेली, लेकरं थडग्यापाशी रडत बसली, तेव्हा तिचा जीव या फुलांतून परत आला.”

“ही गोष्ट आमची,” मिलेना म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर. आमचीही.”

तासभर वाद झाला. अखेर आई दोघांची ठरली. केक मात्र एकट्या द्रागाननी संपवला.

*

मी घरी कोश उघडले. पुढच्या शनिवारी सांगितलं, की हेच नाव जुन्या लॅटिनमध्येही आढळतं. तेव्हा स्लाव भाषांत ते ग्रंथांतून, भाषांतर होऊन आलं असण्याचा संभव आहे. मिलेनाने कप खाली ठेवला आणि ती उठून गेली.

“अहो,” सुलभा म्हणाली, “ते रोप तिने आईच्या थडग्यावरून आणलंय. सांगायलाच हवं होतं का?”

दोन शनिवार मिलेना फिरकली नाही.

*

तिसऱ्या शनिवारी आली, ती बाग सोडत असल्याचं सांगायला. गुडघे साथ देईनासे झाले होते. नियमाप्रमाणे वाफे रिकामे करून द्यायचे होते, आणि तिच्या नव्या घराला बाल्कनीही नव्हती.

“ते रोप तुमच्याकडे ठेवाल?” तिने विचारलं, सुलभाला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

*

खणायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मिलेना शेजारी खुर्ची टाकून बसली. खुरपं मातीत शिरलं तशी दचकली.

“सावकाश.”

“मुळांना धक्का लागू देत नाही,” मी म्हणालो. “आईला दुखणार नाही.”

इतक्या दिवसांनी तिने माझ्याकडे पाहिलं. “हे कोणत्या पुस्तकात आहे?”

मी खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती मोकळी करू लागलो.