इंग्लंडकाका आणि बिनविरोध जॅनेट

गेल्या मे महिन्यात मी एका मेलेल्या बाईला इंग्लंडमधल्या एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर बिनविरोध निवडून आणलं आणि वर पेढे वाटले. हे सगळं मी मिशिगनमध्ये, ट्रॉयमधल्या एका लिव्हिंग रूममध्ये बसून, फोनवर बोट फिरवत केलं.

ती लिव्हिंग रूम इंग्लंडकाकांची. काका डॉक्टर. अमेरिकेत येण्याआधी, तरुणपणी, त्यांनी इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात काही वर्षं प्रॅक्टिस केली होती. पुढे इथे सगळी हयात गेली, पण नाव मात्र त्या काही वर्षांवरून पडलं. आमच्या मंडळाच्या पिकनिकला कुणी अमेरिकेतल्या निवडणुकीवरून भांडायला लागलं की काका कागदी प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचे. "इथे मी राहतो," ते म्हणायचे, "हजेरी तिकडे लागते माझी."

तिकडे म्हणजे त्या गावाच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलमध्ये. हे कौन्सिल कचऱ्याचे डबे, बागा, पार्किंग असल्या गोष्टी पाहतं आणि तिथे जवळजवळ दर वर्षी थोड्या थोड्या जागांसाठी मतदान होतं. तिकडचे लोकही त्याच्या निकालाची फारशी वाट पाहत नसावेत. काका पाहायचे. मे महिन्यात निकालाच्या शुक्रवारी सकाळी ते दाढी करून, टाय लावून खुर्चीत बसायचे. तिकडे दुपार, इकडे नाश्ता. निकाल जाहीर करणाऱ्या अधिकाऱ्याचं त्यांना भारी कौतुक. "पडलेल्याची मतं आणि जिंकलेल्याची मतं एकाच आवाजात वाचतो. पेशंटला रिपोर्ट सांगावा तसा."

काकांची नजर अधू झाली, समोरचं अक्षर मधोमध पुसल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा निकाल वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी शुक्रवारी घरून काम करतो, म्हणजे काय करतो ते काकांना ठाऊक होतं. मी वॉर्डांची नावं वाचायचो आणि काका डोळे मिटून माझे उच्चार दुरुस्त करायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सोबत दिली, पुण्य लागलं. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा अंगावर काटा आला.

झालं असं, की मी एका वॉर्डाचं नाव वाचलं आणि काकांनी हात वर केला. "थांब. तो कुत्र्यांचा डॉक्टर पडला. थोडक्यात पडला." मी खाली सरकवून पाहिलं. उमेदवारांच्या व्यवसायाचा तिथे उल्लेख नव्हता, पण जुना सदस्य पडला होता, आणि थोडक्यात. नंतर शोधून काढलं, तर तो खरंच जनावरांचा डॉक्टर निघाला. पुढच्या वॉर्डाला पुन्हा हात वर, पुन्हा बरोबर. मला वाटलं काका आधीच कुणाला फोन करून ठेवतात. म्हणून पुढच्या वर्षी कौन्सिलच्या वेबसाइटवर निकालाचं पान उघडल्या उघडल्या, म्हणजे तिकडे निकाल लागत असतानाच, मी काकांच्या दारात हजर. एक वॉर्ड मुद्दाम गाळला. काका म्हणाले, "पुलापलीकडचा राहिला. पण बरोबर आहे, त्यांची मोजणी अजून चालू आहे." ती खरंच चालू होती.

मी विचारलं, काका, हे कळतं कसं? ते अगदी सहज म्हणाले, "पहाटे एक फेरी मारून येतो रे. व्हिजिटला जायचो तेच रस्ते. कुठल्या घराच्या मनातून कोण उतरलंय ते दारावरूनच समजतं." मी हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि काकांचे बूट दाखवले. वर्तमानपत्रावर वाळत ठेवले होते, तळांना काळी माती. ट्रॉयमध्ये त्या आठवड्यात पाऊस नव्हता. मी म्हटलं, लॉनच्या स्प्रिंकलरचं पाणी असेल. काकू म्हणाल्या, "स्प्रिंकलर आपण जूनमध्ये सुरू करतो, सुहास." मग दोघंही आत आलो आणि मी नको असताना दुसरा कप चहा प्यायलो.

एका वॉर्डाला मात्र काका कधी हात वर करायचे नाहीत. तो जॅनेटचा वॉर्ड. काका ज्या घरात भाड्याने राहायचे, त्या घरमालकिणीची ही मुलगी. लहानपणी तिला दमा होता आणि काका रात्र रात्र तिच्या उशाशी बसलेले. आता तीही म्हातारी झाली होती. बाजारचौकातलं सार्वजनिक स्वच्छतागृह कौन्सिलने बंद केलं, ते उघडावं एवढ्या एका मागणीवर ती दर खेपेला अपक्ष उभी राहायची आणि दर खेपेला पडायची. "म्हाताऱ्या माणसाने बाजारात जाऊन करायचं काय मग?" असं काका तिच्या वतीने मला विचारायचे, जणू कुलूप मीच लावलंय. तिचा निकाल ते माझ्याच तोंडून ऐकायचे, खुर्चीचा हात घट्ट धरून. एकदा म्हणाले, "ती एकदा निवडून यायला हवी. त्या गावात मला ओळखणारं तेवढं एकच माणूस उरलंय. ती जिंकली की मी सुटलो."

गेल्या वर्षी काकांचं हृदय फार दमलं होतं. काकूंनी मला दारातच बजावलं, निकाल काय असेल तो असो, आवाज चढवू नकोस. काका टाय लावून बसले होते, गळा त्यात सैल. त्या दिवशी एकाही वॉर्डाला त्यांनी हात वर केला नाही. जॅनेटचा वॉर्ड आला. तिथे उमेदवारांची नावं होती, तिचंही होतं, पण कुणापुढेच मतांचा आकडा नव्हता. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं.

आता मी सातारा जिल्ह्यातल्या गावचा. आमच्या ग्रामपंचायतीत मतमोजणीच झाली नाही याचा अर्थ एकच होतो. बाकीच्यांनी माघार घेतली, गुलाल काढा. बारीक अक्षरं वाचायची आमच्यात पद्धत नाही. काकूंची ताकीद विसरून मी ओरडलो, "काका, जॅनेट बिनविरोध!"

काका खुर्चीतून अर्धवट उठले. एखादी बाई खोलीत आली की जुनी माणसं उठतात तसे. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, पण पाहत होते ते माझ्या खांद्यावरून पलीकडे. नजर अधू झालेली माणसं असं तिरकं पाहतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही. ते हळूच खाली बसले आणि म्हणाले, "बरं झालं. फार थकली होती." मी धावत जाऊन इंडियन ग्रोसरीतून पेढे आणले, काकांना भरवले, आणि मंडळाच्या ग्रुपवर बातमी टाकली. ज्यांना इंग्लंड नकाशावर दाखवता येणार नाही, त्यांनीही हार आणि फटाके पाठवले.

घरी आलो. बायकोने माझ्या हातातला फोन घेतला, चष्मा चढवला आणि ती बारीक ओळ वाचली. उमेदवाराच्या निधनामुळे या वॉर्डातलं मतदान रद्द करण्यात आलं आहे, नवीन तारीख कळवली जाईल. निधन झालेला उमेदवार कोण, तेही पुढे होतं.

मी बसलोच. सांगावं तर त्या हृदयाला धक्का, न सांगावं तर माणूस खोट्या आनंदात जाणार. बायको म्हणत होती, सांग. मी रोज सांगायला जायचो आणि रोज हवापाण्याचं बोलून परत यायचो. काका शांत होते. निकालाचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त एकदा, मी निघताना, म्हणाले, "आता फेरी मारायला जात नाही रे मी. तिकडे दार उघडणारं कुणी नाही." मी त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडलो नाही, कारण अर्थ लागला असता तर मला एकट्याने गाडी चालवत घरी जायचं होतं.

त्या वॉर्डात पुन्हा मतदान व्हायच्या आत काका गेले. दुपारी, खुर्चीत.

दिवस झाल्यावर मी काकूंसमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. जॅनेट आधीच गेली होती, मी चुकीचं वाचलं, आणि काका ते खरं मानून गेले.

काकू म्हणाल्या, "खरं मानून? अरे, ह्यांना आदल्याच दिवशी माहीत होतं. सकाळी उठल्या उठल्या मला म्हणाले, जॅनेट गेली, आता तिकडे माझं कुणी नाही."

"मग पेढे का खाल्ले?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून. डायबिटीस असून खाल्ले. दोन दिवस शुगर खाली येत नव्हती." काकूंनी माझ्या पुढ्यातला रिकामा कप उचलला. "तू ओरडलास ना बिनविरोध म्हणून, तेव्हा ती तुझ्या खुर्चीमागेच उभी होती म्हणे. तू पेढे आणायला गेलास तेव्हा हे हसत होते, म्हणून मी विचारलं, काय झालं. तर म्हणाले, जॅनेट विचारतेय, डॉक्टर, ह्या गृहस्थाला वाचता येत नाही का?"