छपराखालचं माणूस

गवताचं छप्पर शाकारायला दोघं लागतात. लोकांना दिसतो तो वरचा. खालचं माणूस म्हणजे त्यांच्या लेखी सावलीत आराम करणारं माणूस. एकदा उभं राहून बघा म्हणावं.

वर असायचा दाभण्या. अंगानं दाभणासारखा म्हणून हे नाव पडलं, आणि जीभही तशीच होती म्हणून टिकलं. खाली, आतल्या काळोखात, फळीवर उभी त्याची बायको. तो हातभर लांब दाभणात सुतळी ओवून गवताच्या थरातून आरपार खुपसायचा. ती सुतळीला वाशाभोवती वळसा देऊन दाभण परत वर लोटायची. खुपसण्याआधी त्यानं "घे!" म्हणायचं, आणि तिनं तोंड बाजूला घेऊन "येऊ दे!" म्हणायचं. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. भांडण झालं की दिवसभर दोघांत एवढंच बोलणं व्हायचं, आणि काम मात्र झकास उतरायचं.

त्या दिवशी छपराची एक बाजू निम्मी झाली होती. गवताची धूळ घशात जाऊन दाभण्याला ठसका लागला. त्यानं "घे" म्हटलंही नव्हतं, तोच खालून आलं, "येऊ दे!"

"एवढी कसली घाई गं?" तो हसला. पण मनात पाल चुकचुकली. पुढच्या टाक्याला तो मुद्दाम गप्प राहिला.

"येऊ दे!"

"थांब!" तो ओरडला.

"येऊ दे!"

तिला ऐकूच येत नव्हतं. गेले कित्येक दिवस घरात दूध उतू जात होतं, दार वाजत राहत होतं, आणि तो दर वेळी "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून तिच्यावर खेकसत होता. एवढं होऊनही या शहाण्याला कळलं नव्हतं.

तो शिडी उतरून आत गेला. ती मान वळवून, दोन्ही हात वर धरून उभी होती. डोळे गच्च मिटलेले. त्यानं खांद्याला हात लावताच ती किंचाळली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं. "तीन छपरं झाली. तुमचा हात एका ठेक्यात चालतो. त्यावरून अंदाज बांधते."

"आणि डोळे का मिटतेस?"

"भीती वाटते हो."

"मग सांगायचं नाही मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडलं असतंत."

"सोडलंच असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो तिचा हात धरून बाहेर आला. घरमालक अंगणात उभाच होता.

"दुसरी माणसं बघा," दाभण्या म्हणाला. "हेच काय, यापुढे कुठलंच छप्पर आमच्यानं व्हायचं नाही."

"अहो, असं अर्धवट टाकून?" मालक चिडला.

बायको एकदा मालकाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती. "काय म्हणालात तुम्ही त्यांना?" तिनं विचारलं.

मग त्याला तिच्यासमोर उभं राहून तेच सगळं पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.