कळमनुरीच्या दुकानातलं इसबगोल

आज बाळंतीण सुनेसाठी कोमट पाण्यात इसबगोल ढवळलं. बोटांना त्याचा बुळबुळीतपणा लागला आणि मला कळमनुरीचं औषधाचं दुकान आठवलं.

तेव्हा धाकटी लेक कडेवर होती. तिच्या वेळच्या बाळंतपणात मला मूळव्याध झाली. बसताना डोळ्यांत पाणी यायचं, पण सासूबाई म्हणायच्या, "असलं कुणाला सांगू नको."

बाजाराच्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. आत सगळे पुरुष. मी हळूच इसबगोल मागितलं. दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "कशासाठी पायजे, बाई?" मागं कुणीतरी फिसकन हसलं.

माझी कानशिलं तापली. मी वळून म्हणाले, "मूळव्याध झाली मला. लेकरू जन्माला घातलं, चोरी न्हाई केली. काहून हसून राहिले?"

दुकानदारानं पुडी बांधायला घेतली. दारातली एक म्हातारी पुढं सरकली. "मला बी तेच दे, बाबा. लई तकलीफ सोसली."

परतताना वाटत होतं, अब्रू गेली. आज वाटतं, मी अजून मोठ्यानं बोलायला हवं होतं.

त्या दिवशी घरी बातमी माझ्याआधीच पोचली होती. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोरच पेल्यात इसबगोल कालवलं आणि घटाघटा प्यायले.