चाचांनी जमवलेला सेट

कुणाला नवा कॉम्प्युटर जुळवायचा असला की आमच्याकडे अजूनही मलाच विचारतात, प्रोसेसर कुठला घेऊ म्हणून. मी आधी विचारते, बोर्ड कुठला आणि मेमरी किती. ऐकणाऱ्याला वाटतं, बाईला बरंच कळतं. मला काही कळत नव्हतं. हे सगळं मला नांदेडच्या एका माणसानं शिकवलं आणि त्या माणसाचा धंदा माझ्या एका वाक्यानं बुडाला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या.

माझ्या वडिलांची, अण्णांची, लातुरात टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनं. ती साफ करायला, दुरुस्त करायला नांदेडहून महिन्यातून एकदा एक मेकॅनिक यायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चामड्याची बॅग, त्यात ब्रश, रॉकेलची बाटली आणि घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं भिंग. प्रत्येक मशीन झालं की चाचा त्यावर एक ओळ टाइप करायचे, कागद उजेडाकडे धरून बघायचे आणि मगच पुढच्या मशिनाला हात लावायचे. अण्णांशी ते फारसं बोलत नसत. दोघं चहा पीत गप्प बसायचे, आणि तरी आई म्हणायची की यांचं चाचांशी जितकं जमतं तितकं सख्ख्या भावाशी जमत नाही.

मग भूकंप झाला. माझी थोरली आत्या ज्या गावात दिली होती ते गाव पहाटे झोपेतच गेलं. अण्णा त्याच दिवशी तिकडे गेले आणि आठ दिवस दगड उचलत राहिले. आत्या, तिचे यजमान, दोन मुलं, सगळी सापडली, पण जिवंत कुणीच नाही. परत आल्यावर अण्णा दारातच थांबले. लातुरातल्या आमच्या घराला स्वयंपाकघराच्या दारावर एक चीर पडली होती, बाकी काही झालं नव्हतं. तरी अण्णा आत गेले नाहीत. त्यांनी अंगणात पत्र्याचं शेड टाकलं.

तेव्हा अख्खं लातूर बाहेरच झोपत होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. वर्षभरात लोक हळूहळू घरात गेले. आम्ही गेलो नाही. दोन वर्षं झाली, चार झाली. आई घरात जाऊन घाईघाईनं स्वयंपाक करायची आणि पातेली घेऊन बाहेर यायची. टायपिंगची मशिनंही शेडमध्ये आली; चाचांचं नांदेडहून येणं मात्र भूकंपानंतर थांबलंच होतं. गल्लीत अण्णांना ‘पत्र्याचे सर’ म्हणायला लागले. मला त्याची इतकी लाज वाटायची की मैत्रिणींना मी रस्त्याच्या कोपऱ्यावरूनच परत पाठवायची. माणसाचं दुःख कळण्याच्या वयाची मी होते, तरी लाजच आधी वाटली.

याच काळात लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. उदगीरहून, रेणापूरहून, पार कुठून कुठून मुलं यायला लागली. ज्याच्याकडे खोली होती त्यानं खोलीत चार खाटा टाकल्या. सगळ्यांना डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं होतं, टायपिंग शिकायला कोण येणार? आमची बारा मशिनं झाकून ठेवली होती. पण क्लासवाल्यांना दर आठवड्याला चाचणी घ्यायची असे, आणि हातानं लिहिलेली प्रश्नपत्रिका आता कुणाला चालत नव्हती. मी ठरवलं, कॉम्प्युटर घ्यायचा आणि पेपर छापून द्यायचे. घर चालवायला दुसरा मार्ग मला दिसत नव्हता.

कंपनीचं तयार मशीन झेपण्यासारखं नव्हतं. मी नांदेडला गेले. टायपिंगची मशिनं मोडीत निघाल्यावर चाचांनी स्टेशनच्या रस्त्याला छोटं दुकान घेतलं होतं. हैदराबादला जाऊन ते माल आणत आणि कॉम्प्युटर जुळवून देत. त्या वयात त्यांनी हे सगळं नव्यानं शिकून घेतलं होतं. माझा विचार ऐकून त्यांनी पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं, आणि मी गेले तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तीन सेट उघडेच मांडून ठेवले होते. सेट म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी, तिघं एकमेकांना जुळणारे. बाकी कॅबिनेटचा डबा, कीबोर्ड, पडदा नंतर कुठलाही चालतो, असं त्यांचं म्हणणं.

“लोक नंबर बघून भुलतेत, बेटा,” ते म्हणाले. “प्रोसेसर लई मोठा घेतेत आन मेमरीला हात आखडतेत. मग मशीन रांगतंय. तू एक पायरी खालचा प्रोसेसर घे, मेमरी दुप्पट घे, आन बोर्ड असा घे की उद्या आणखी काही बसवायला जागा ऱ्हाईल.”

बाजारात तेव्हा कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा नंबर घासून त्यावर मोठा नंबर छापत. चाचा तेच जुनं भिंग डोळ्याला लावून प्रत्येक अक्षर बघायचे. मग सेट सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवायचे, मधूनमधून बोटानं तापतोय का बघायचे. दिवसभर चालल्याशिवाय त्यांच्या दुकानातून सेट बाहेर पडत नसे. मी त्या दिवशी पाच तास तिथं स्टुलावर बसून होते. मधला सेट त्यांनी माझ्यासाठी निवडला. दुकानातल्या दिखाऊ मशिनांपेक्षा तो निम्म्यात पडला आणि काम त्यांच्यापेक्षा चांगलं करायचा. हे आजही मी छातीठोकपणे सांगेन.

दोन दिवस मी मशीन घरातल्या पुढच्या खोलीत लावून पाहिलं. अण्णा चौकटीत येऊन उभे राहिले. आत यायचे नाहीत आणि जायचेही नाहीत. मी बसा म्हणाले, पाणी पिऊन या म्हणाले, तरी ते हलले नाहीत. त्यांची नजर सारखी माझ्या डोक्यावरच्या स्लॅबवर. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायलाही गेले नाहीत, तेव्हा मीच मशीन उचलून शेडमध्ये आणलं.

हिवाळाभर काम झकास चाललं. एका मोठ्या क्लासचे मालक माझ्यावर खूश झाले. त्यांनी एकच अट घातली होती, पेपर फुटता कामा नये. काम घरात, कुलपाच्या खोलीत होतं ना, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले. ज्या शेडला धड दार नाही तिथं प्रश्नपत्रिका होतात हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. पेपर न्यायला, द्यायला मीच जायची. त्यांना नांदेडला शाखा काढून तिथं कॉम्प्युटरची लॅब करायची होती. मी चाचांचं नाव सुचवलं. चाचांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यासमोर आपल्याबद्दल बोलले. दुकानाचं भाडं थकतंय, सुट्या गिऱ्हाइकांवर भागत नाही, ही लॅब मिळाली तर दुकान टिकेल, नाहीतर उन्हाळ्यानंतर बंद करावं लागेल. लॅबसाठी त्यांनी सेट जमवायलाही सुरुवात केली.

एप्रिल लागला आणि माझं मशीन दुपारी बंद पडायला लागलं. सकाळी ठीक, दोन वाजले की पडदा गोठायचा. पेपर अर्धवट राहायचे. मी डबा उचलून बसनं नांदेडला नेला. चाचांच्या दुकानात तो दिवसभर बिनतक्रार चालला. त्यांनी विचारलं, तिथं कुठं ठेवलंय. घरात, मी म्हणाले. त्यांनी मेमरी बदलून दिली, आतून एक जास्तीचा पंखा बसवला आणि थंड जागी ठेव म्हणाले. आठ दिवसांत मी पुन्हा तिथं. या वेळी त्यांनी स्वतःच्या मशिनातला प्रोसेसर काढून माझ्या बोर्डावर बसवला आणि पुन्हा विचारलं, कुठं ठेवलंय. मी पुन्हा तेच सांगितलं.

मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दुपारी त्या पत्र्याला खालून हात लावता येत नसे. पण कळलेलं मनात उघड म्हणायचं धाडस झालं नाही, कारण म्हटलं असतं तर एकीकडे काम होतं आणि दुसरीकडे चौकटीत उभे असलेले अण्णा.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानात क्लासचे मालक बसले होते. लॅबचं पक्कं करायला आले होते. मला डब्यासह बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचा पेपर आदल्या दिवशीच रखडला होता. हेच का ते मशीन, त्यांनी विचारलं. चाचांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि मला हळूच म्हणाले, “बेटा, एकदा नीट सांग. मशीन कुठं हाय?”

मालक माझ्याकडे बघत होते.

“घरातच आहे,” मी म्हणाले. “चाचा, नंबर घासलेला माल दिलात तुम्ही मला.”

 चाचांनी डबा टेबलावर ठेवला, स्क्रू काढले आणि आत बघत राहिले. मालक थोडा वेळ बसले, मग विचार करून कळवतो म्हणाले आणि उठले. चाचांनी मला सेटचे सगळे पैसे परत दिले. मी ते घेतले. यातलं मला सगळ्यात जास्त काय बोचतं विचाराल तर हेच, की मी ते घेतले.

त्या पैशांत भर घालून मी लातुरातल्या दुकानातून महागडा सेट घेतला. तोही मेमध्ये दुपारी बंद पडला. बघायला आलेल्या इंजिनिअरनं शेडमध्ये पाय ठेवताच रुमालानं मान पुसली आणि हसून म्हणाला, इथं माणूस बंद पडेल ताई, मशिनाचं काय घेऊन बसलात. मी त्यानंतर पहाटे चारला उठून दहाच्या आत काम संपवायला लागले. मशीन पुन्हा कधी बंद पडलं नाही.

जूनमध्ये मी नांदेडला गेले. दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली... नाही, ती पुष्कळ वर्षांनंतरची गोष्ट, तेव्हा तिथं चपलांचं दुकान आलं होतं. आठवणी अशा एकमेकींवर चढून बसतात. चपलवाल्यानं सांगितलं, चाचा आता कोर्टाच्या आवारात बसतात. तिथं एका पत्र्याच्या टेबलावर टायपिंगचं मशीन ठेवून ते अर्ज टाइप करत होते. लॅबसाठी जमवलेले सेट त्यांनी फोडून विकले होते, प्रोसेसर एकाला, बोर्ड दुसऱ्याला, मिळेल त्या भावानं.

मी त्यांना सांगितलं की मशीन घरात नव्हतं. शेडमध्ये होतं. मी खोटं बोलले.

“मालूम हाय मला,” चाचा म्हणाले. “सरांनी पहिल्या वर्षीच चिठ्ठी लिहून सांगितलं होतं, मी पत्र्यातच ऱ्हाऊन राहिलो म्हणून.”

मग तेव्हा का बोलला नाहीत, मी विचारलं. मला वाटतं मी रडतच होते.

“आधी दोनदा विचारलं, तू आपणहून सांगशील म्हणून. मग तू तुझ्या पेपरवाल्यासमोर सांगितलं, घरात हाय. मी न्हाई म्हणलो असतो तर तुझं काम गेलं असतं. सरांचं घर कशावर चालतं ते मला ठाऊक हाय ना.” त्यांनी मशिनात नवा कागद चढवला. पक्षकार वाट बघत उभा होता.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की क्लासच्या मालकांना सगळं खरं सांगायचं. काम गेलं तर गेलं. पुढची लॅब, पुढची शाखा, काहीतरी तरी त्या माणसाला मिळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, नांदेडच्या त्या मेकॅनिकबद्दल बोलायचंय, त्यांचा माल चांगला होता.

मालक कुठलेसे फॉर्म तपासत होते. कोण मेकॅनिक, त्यांनी विचारलं. मी दुकान सांगितलं, तो दिवस सांगितला, भिंग लावून बघणारे म्हातारे गृहस्थ म्हणून सांगितलं. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, ते मला दिसत होतं. मग मान हलवली. लॅब तर पुण्याहून केव्हाच आली, म्हणाले, तुम्हीच कुणाचं तरी काहीतरी म्हणाला होतात बहुतेक.

त्यांनी ड्रॉवरमधून पुढच्या चाचणीचे कागद काढले आणि माझ्या हातात दिले.

“घरातच करता ना सगळं? कुलपात?”

मी हो म्हणाले आणि कागद पिशवीत घातले.