मंदिर नसलेली नगरी
गवती चहाचा वास आला की लोणावळ्याचं आमचं चर्चमागचं घर आठवतं. पावसाळ्यात तिथे खिडकीतून धुकं आत यायचं, आणि घाट चढून आलेल्या इंजिनांचा धूर त्यात मिसळलेला असायचा. हे तिथे उपदेशक होते. मिशनच्या शाळेत नव्याने आलेली मास्तरीणबाई रोज संध्याकाळी ह्यांच्याकडे बायबलातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा अर्थ समजून घ्यायला यायची. त्यात वर्णन केलेल्या स्वर्गीय यरुशलेम नगरीत मंदिर का नाही, यावर दोघांचं आठवडाभर चाललं होतं. मी चहा नेऊन द्यायचे, आणि हे माझ्याकडे न बघताच कप घ्यायचे. तिचं हसणं चुलीपर्यंत ऐकू यायचं आणि माझी भाकरी करपायची. एकदा ती म्हणाली, "एवढी सोन्याची नगरी, आणि तिच्यात मंदिरच नाही, हे कसं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मंदिर नाही म्हणजे तिथले उपदेशक संध्याकाळी घरच्यांशी बोलत असतील." ती चहा तसाच ठेवून उठली. रविवारी ह्यांनी उपदेशात सांगितलं, "जिथे देव स्वतःच माणसांत राहायला येतो, तिथे त्याला शोधायला कुणाला घर सोडावं लागत नाही. हा अर्थ मला माझ्या पत्नीने दाखवला." पुढच्या बाकावरून मास्तरीणबाईने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली, कारण आठवडाभर तीच माझ्या डोळ्यांत होती. आता हे नाहीत आणि मीही थकले, पण तिचं ते वळून बघणं आठवलं की अजून बरं वाटतं.