बेलफोर्डवाला जोतीराम

जोतीराम जी मोटार चालवायचा ती खरी बेलफोर्ड की नव्हे, यावर सोलापूरच्या नवी पेठेत जेवढी डोकेफोड झाली तेवढी स्वराज्यावरसुद्धा झाली नसेल. माझं तिथं सायकलींचं दुकान होतं, आणि भांडणाला बसायला बाक माझाच. रोज कुणीतरी यायचं, चहा माझा प्यायचं आणि विचारायचं, "काय हो कमलाकरपंत, लॉरी म्हणायची का मोटार?" अरे, घ्या की चहा गप!

मोटार जवळच्याच एका संस्थानाची. नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून चटकन चिडतात. विलायतेहून आली तेव्हा काय देखणी होती! सायीच्या रंगाची, आवाज नाही, धूर नाही. महाराज सोलापूरच्या बंगल्यावर उतरले की गाडी बघायला पोरंबाळं फाटकाशी उभी. जोतीराम आणि मी एका गल्लीत वाढलो. तो आधी संस्थानच्या पागेत होता, मग या गाडीवर आला. खाकी कोट, डोक्याला फेटा, आणि चालणं असं की महाराज मागे बसलेत ते याच्या परवानगीने.

तीस साली सोलापुरात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, आणि महाराज घाबरले. त्यांच्यावर कुणी खडासुद्धा मारला नव्हता. मारावा इतकं त्यांनी कुणाचं काही केलंही नव्हतं. पण हुकूम निघाला, गाडीला चिलखत घाला. एका कारखान्यात जुन्या बॉयलरचे जाड पत्रे होते ते ठोकले. पहिल्याच दिवशी वजनाने खालचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले. म्हणून लॉरीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, घातली. ती ओढायला बेलफोर्डचं इंजिन पुरेना, म्हणून लॉरीचंच इंजिन. मग चाकं लॉरीची, ब्रेक लॉरीचे. बेलफोर्डचं म्हणून उरली पुढच्या जाळीवरची पितळी नावपट्टी आणि मागची गादी. गादी पुढे उंदरांनी खाल्ली. दार लावायला दोन माणसं लागत आणि चढावर बैलगाडीवाले मागून ओरडत, "बाजूला घे रं!"

जोतीरामच्या तोंडी मात्र बेलफोर्डच. कुणी लॉरी म्हटलं की त्याच्या कानशिलाची शीर उडायची. मी एकदा समजुतीने म्हटलं, "अरे, मीसुद्धा इथल्या सायकलींवर विलायती पट्टी चिकटवलेली बघतो. पट्टीनं काय होतं?" तर आठवडाभर दुकानात फिरकला नाही. मूर्ख!

त्याचा जीव कशात अडकला होता ते मला माहीत होतं. वच्छला. एकुलती एक पोर. सांगोल्याच्या भीमरावांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली होती. दोन विहिरींचं शेत, दाराशी जनावरं, मुलगा निर्व्यसनी. भीमरावांनी सगळ्या भावकीत सांगून ठेवलं होतं, सून महाराजांच्या बेलफोर्डवाल्याची आणतोय. त्या दिवसांत लॉरीवाला म्हणजे ताडी पिणारा, मुक्कामाला कुठंही राहणारा. त्याला कुणी ओसरीवर बसवत नसे, मुलगी करणं दूरच. जोतीराम दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, पण भावकी कुठं विचारत बसते?

कुणीतरी भीमरावांच्या कानात फुंकलंच. खंडेनवमीला ते न सांगता सोलापुरात आले. बंगल्याच्या आवारात गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी होती. जोतीराम हळदकुंकू वाहत होता, मी नारळ घेऊन उभा. भीमराव धोतर सावरून गाडीखाली शिरले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते.

बाहेर आले, हात झटकले. "पाव्हणं, हाडं लॉरीची हायत."

"व्हय," जोतीराम म्हणाला.

"काळीज बी लॉरीचं."

"व्हय."

"आन् वरचं कातडं बॉयलरचं. मग बेलफोर्ड कुटं हाय हितं?"

जोतीरामचा हात कुंकवाने भरलेला होता. मला वाटलं, मोडलं लग्न. पण गडी ताठ झाला. "तुमचा वाडा पडला, तुमी नवा बांदला. दगड नवं, लाकूड नवं. नाव बदललं का? तुमच्याच घरान्याचा वाडा की न्हाय त्यो? समदं बदलतं पाव्हणं, नाव न्हाय बदललं तर वस्तू तीच. नाव हाय तेच खरं."

भीमराव विचारात पडले. माणूस सरळ होता, पटलं की पटलं. "नाव हाय तेच खरं?"

"आईच्यान तेच खरं."

"मग बेलफोर्ड म्हनायची," भीमराव म्हणाले आणि माझ्या हातातला नारळ घेऊन त्यांनी स्वतः फोडला. मला इतका आनंद झाला की मी खोबरं वाटायचं सोडून एकटाच खात सुटलो.

तुळशीची लग्नं झाली आणि वच्छीचं लग्न सांगोल्याला थाटात लागलं. मग तबकात तांदूळ पसरून आणले. भीमरावांच्या घरची रीत, येणाऱ्या प्रत्येक सुनेचं नाव बदलायचं. जावयाने अंगठीने तांदळात लिहिलं, पद्मजा. बजाबाईने, म्हणजे वच्छीच्या आईने, पदर तोंडाला लावला. जोतीराम जरा पुढे सरकला, तसे भीमराव प्रेमानेच म्हणाले, "पाव्हणं, आता ही समदी आमची. नाव हाय तेच खरं. तुमचंच म्हननं." आणि त्यांनी याच्या तोंडात पेढा कोंबला.

संक्रांतीला जोतीराम तिळगूळ घेऊन सांगोल्याला गेला. परत आला तो घरी न जाता थेट माझ्या बाकावर येऊन बसला. चहा सांगितला, घेतला नाही.

"भेटली?" मी विचारलं.

"दारातनं हाक मारली, वच्छे म्हनून. व्याही ओसरीवर बसलेलं. म्हनलं, वच्छी हितं कुनी न्हाय, पद्मजा हाय. हसून म्हनलं, रागानं न्हाय."

"मग?"

"मग त्यांनीच हाक मारली. पानी घिऊन आली. डोईवरनं पदर. लई वाळली न्हाय, बरी हाय." त्याने कप बाजूला सारला. "तांब्या देताना हळूच म्हनली, आबा, पुन्यांदा हाक मारा की."

"मारलीस ना?"

त्याने नकारार्थी मान हलवली. माझा तोल गेला. "अरे गाढवा, पोटच्या पोरीला नावानं हाक मारायला तुला कुणाची परवानगी लागते? त्या डबड्याला जन्मभर नावानं हाक मारलीस आणि हिला नाही?"

जोतीरामने फेटा काढून मांडीवर ठेवला. डोळे पुसले नाहीत, गळू दिले.

"व्याही समोर हुतं, कमळाकरा. मी वच्छी म्हनलो असतो, तर नाव हाय तेच खरं, ह्ये माझंच म्हननं खोटं ठरलं असतं. मग गाडी लॉरी झाली असती. आन् पोरगी त्या घरात जन्मभर लॉरीवाल्याची."